काय खाल्ल्यान?

जनावरांच्या दवाखान्यात गजाली, म्हणजे गप्पागोष्टी, साचायला वेळ लागत नाही. पेशंट बोलत नाही आणि मालक खरं बोलत नाही, मग डॉक्टरने करायचं काय? अंदाज बांधायचा, नाहीतर भांडायचं. मी दोन्ही करते. मालवणात बाजाराच्या मागे माझा छोटा दवाखाना आहे आणि मदतीला बाबल आहे, आमचा कंपाउंडर. कुत्रा धरण्यात आणि माणसाला टोमणा मारण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

हल्ली पेशंटची एक नवीनच जात आलीय. झोकांड्या खात येणारी. डोळे तारवटलेले, लघवी आपोआप गळतेय, समोर नुसता हात हलवला तरी दचकतंय. पोटात गांजा किंवा भांग गेली असणार हे बघताक्षणी वाटतं. माणसाला जेवढ्याने नुसतं हसू येतं, तेवढ्याने कुत्रा आडवा होतो. वेळेत कळलं तर बहुतेक वाचतात. म्हणून बाबल दारातच विचारतो, "काय खाल्ल्यान?"

उत्तर ठरलेलं. "काय नाय."

*

एक होमस्टेवाले आपला लॅब्रॅडोर उचलून घेऊन आले. त्यांनी निदान 'काय नाय' म्हटलं नाही. म्हणाले, शिरवाळे खाल्ल्यान. तांदळाच्या शेवया आणि नारळाचा गोड रस, एवढंच असतं हो त्यात!

बाबल म्हणाला, "शिरवाळ्यांनी असा झाला असता तर अख्खो तालुको भितीक धरून चललो असतो."

बाहेर गाडीत त्यांचे पाहुणे बसले होते, काचा वर करून. मी काच ठोठावली आणि सांगितलं की मी पोलीस नाही, डॉक्टर आहे. तेव्हा त्यातली एक मुलगी रडायलाच लागली. कुठूनतरी आणलेली 'स्पेशल' ब्राउनी टेबलावर राहिली होती. गांजा तर होताच, वर चॉकलेट, तेही कुत्र्याला विषच.

लॅब्रॅडोर वाचला. निघताना मालक माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाय, ह्या खंय सांगा नको. गिऱ्हाईक वायट रिव्ह्यू देतला."

*

मसुऱ्याच्या काकी आमच्या जुन्या. नवरा गेला, मुलगा सुधीर पुण्याला नोकरीत, घरात त्या आणि टायगर नावाचा पिवळट गावठी कुत्रा. काकींना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर. सुधीर काय बोलतो ते सगळ्या वाडीला ठाऊक.

एका महाशिवरात्रीला वाडीतल्या पोरांनी भांग घोटली आणि चोथा काकींच्या मागच्या दारी फेकला. टायगरने तो चाटूनपुसून खाल्ला. मी तपासलं आणि मोठ्याने सांगितलं, "काकी, ह्याच्या पोटात भांग गेलीय."

काकींचा हात गळ्याकडे गेला, मग बांगड्यांकडे. "माझा तर सगळा जाग्यार आसा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, धक्क्याने काहीतरी बोलतायत. सलाईन लावलं, टायगर शुद्धीवर आला, घरी गेला. काही दिवसांनी काकी पुन्हा हजर. तोंड उतरलेलं. रोज सकाळी काठीने शोधतात म्हणे, पण कुत्र्यातून अजून काही बाहेर पडलेलं नाही. कुणाचं असेल त्याला परत तरी करता आलं असतं.

तेव्हा आमची ट्यूब पेटली. त्यांनी भांगार ऐकलं होतं! भांगार म्हणजे आमच्याकडे सोनं. बाबल हसता हसता खालीच बसला. काकीही हसल्या, आणि त्या दिवसापासून टायगरचं नाव भांगार पडलं.

*

ओरोसच्या सरकारी क्वार्टर्समधून एक साहेब मांजर घेऊन आले. अंग गार पडलेलं, मान धरत नव्हती. साहेबांनी स्वतःला झोप लागावी म्हणून ऑनलाइन मागवलेलं हेम्पचं तेल, भांगेच्याच झाडाचं, तिच्या दुधात घातलं होतं. बाहेर फटाके वाजत होते, ती घाबरत होती म्हणून.

"मॅडम, शंभर टक्के नॅचरल आहे. बाटलीवर लिहिलंय."

"कण्हेरही नॅचरलच आहे, साहेब. चहात घालून देऊ?"

बोलून गेले खरी, पण त्यांचा चेहरा बघून मलाच कसंतरी झालं. मांजर वाचलं. महिन्याभराने साहेब एकटेच येऊन बसले. म्हणाले, बाकी सगळं ठीक आहे, फक्त ती आता माझ्या हातचं खात नाही.

*

हा किस्सा सांगू नये असं वाटतं, पण सांगते. किनाऱ्यावरचा एक बिनमालकाचा कुत्रा अडखळत, लाळ गाळत वस्तीत शिरला. कोणीतरी ओरडलं, पिसाळलो. आमच्याकडे ह्या शब्दानंतर कोणी काही विचारत नाही. मला फोन आला तेव्हा निघालेच, पण पोचेपर्यंत दांडक्यांनी त्याचं काम झालेलं होतं.

दुसऱ्या दिवशी एक तरुण दवाखान्यात आला. बाबलने सवयीने विचारलं, काय खाल्ल्यान? त्याच्याबरोबर जनावरच नव्हतं. कुत्रा मेला त्याच्या आदल्या रात्रीच्या पार्टीतले गांजाचे गोड तुकडे त्याने वाळूत फेकले होते. तो गर्दीत उभा होता, त्याला माहीत होतं, आणि तो गप्प राहिला होता.

"तो पिसाळलेलाच होता ना, मॅडम?"

मी म्हटलं, "नव्हता."

तो उठून गेला.

*

भांगार म्हातारा झाला. मागचे पाय धरले, उठताना कण्हायचा. माझ्या गोळ्या चालू होत्या, पण काकींना त्याचं कण्हणं ऐकवेना. तेवढं मात्र त्यांना बरोबर ऐकू यायचं. त्यांनी सुधीरला सांगितलं आणि त्याने पुण्याहून कुरिअरने कुत्र्यांसाठीचं हेम्पचं तेल पाठवलं. असल्या तेलाने काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. पण बाटलीवर हिरव्या पानाचं चित्र होतं आणि आत नशा किती, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

सुधीरने थेंब सांगितले होते. काकींनी विचार केला, एवढा मोठा कुत्रा, थेंबाने काय होणार? त्यात आंगणेवाडीची जत्रा, घर पाहुण्यांनी भरलेलं, गर्दीत त्याचे पाय तुडवले जातील. त्याने शांत पडून राहावं म्हणून त्यांनी सकाळच्या पेजेत चमचा भरून तेल घातलं. दुपारीही घातलं.

संध्याकाळी तो झोकांड्या खात, लाळ गाळत अंगणात आला आणि एका पाहुण्याने तोच शब्द उच्चारला. दुसऱ्याने दांडका उचलला.

काकी कुत्र्यावर पालथ्या पडल्या. "पिसाळलो नाय. माझ्या हातान दिलंय मी तेका. माका मारा," असं त्या म्हणाल्या. हे मला त्या दांडकेवाल्यानेच सांगितलं. तोच काकींना आणि भांगारला रिक्षातून घेऊन आला होता, मान खाली घालून.

बाबल दारात होता. त्याने विचारायच्या आधीच काकींनी बाटली पुढे केली, किती चमचे, केव्हा, सगळं सांगितलं. माझ्या इतक्या वर्षांत न विचारता खरं सांगणारं ते पहिलं माणूस. मला वाटलं, ह्यावेळी तरी जमेल.

पण वय झालेलं, मूत्रपिंडं आधीच थकलेली, आणि गुंगीत ओकलेलं छातीत गेलं होतं. आम्ही करायचं ते सगळं केलं. काकी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तसाच गेला. बाबल तोंड फिरवून सिरिंजा गोळा करत राहिला आणि मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. सुधीरचा. स्पीकरवरच.

"आये, काय झाला गो? पावण्यांनी फोन केलेल्यानी. काय खाल्ल्यान तेणा?"

काकींनी टेबलावरची बाटली उचलून पदराखाली घेतली.

"काय नाय रे," त्या म्हणाल्या. "म्हातारो झाललो, गेलो. तुझ्या तेलान मात्र तेका लय बरा वाटला. माझ्या गुडघ्यांक आजून एक बाटली धाडतलंस मा?"