उतू न जाणारं दूध

वास्तू माणसाला निवडते, माणूस वास्तूला निवडत नाही. माझे साडू हेमंतराव निर्मळ गावातल्या आपल्या नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला माईक हातात घेऊन हे वाक्य बोलले आणि मांडवभर माणसांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. त्यांना निवडणाऱ्या वास्तूपुढे सोनचाफा होता, मागे केळीची वाडी होती आणि वर ऐसपैस गच्ची. मला निवडलं ते विरार पश्चिमेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका बेडरूमच्या फ्लॅटने. त्याच्या हॉलच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप दिसतात. वास्तूंना माणसांची पारख असते म्हणायची.

मी शाळेत ग्रंथपाल आहे. बावीस वर्षं भाड्याच्या घरांत काढली. दर अकरा महिन्यांनी करार संपला, की देव एका पिशवीत आणि पुस्तकं बारा खोक्यांत भरायची, हा आमचा संसार. रोज सकाळी पोथीचा एक अध्याय वाचल्याशिवाय मी चहा घेत नाही. षड्रिपूंवर शाळेत भाषणंही दिली आहेत. त्या यादीत मत्सर शेवटी येतो म्हणून तो सगळ्यांत किरकोळ असावा, असा माझा समज होता. हेमंतरावांचा बंगला जोत्यापर्यंत आला तेव्हा तो फिटला. दुःख असं, की माणूस वाईट नाही. दर मोसमात केळ्यांचा घड पाठवतो, माझ्या आजारपणात दोनदा दवाखान्यात येऊन बसला. हेवा नीट करता यायला समोरचा माणूस थोडा तरी वाईट असावा लागतो. तीही सोय त्यांनी मला ठेवली नव्हती.

नव्या घरात पहिल्यांदा दूध तापवून मुद्दाम उतू जाऊ देतात. घर कायम भरून वाहावं, हा त्यामागचा भाव. निर्मळला तीन विटांची चूल मांडली होती, वर चांदीचं पातेलं. सगळे हात जोडून उभे होते. मीही डोळे मिटले आणि, आज लिहितानाही हात थांबतो, मनात म्हटलं, ‘देवा, एवढं उतू जाऊ देऊ नकोस.’ बावन्न वर्षांच्या माणसाने, देवासमोर, मेहुणीच्या घरात. दूध असं उसळलं की खालचा जाळ विझला. बायका रडल्या, शंख वाजला. मी तीन वाट्या बासुंदी प्यायलो आणि घरी येऊन पोटदुखीने झोपलो.

तीन महिन्यांनी आमचा गृहप्रवेश होता. सामान दुसऱ्या दिवशी यायचं होतं, गॅसही त्याच्यासोबत. पण काळजी नव्हती, कारण हेमंतरावांनी आहेर म्हणून इंडक्शनची शेगडी दिली होती. काळी, चकचकीत, कुठल्याही जाहिरातीत शोभेल अशी. आमच्या घरातली सगळ्यांत देखणी वस्तू त्यांनी दिलेली असावी, हेही मला बोचलंच. माझ्या पत्नीने, सुलभाने, ओटा पुसला, रांगोळी काढली, नवं पातेलं ठेवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच ती एखाद्या भिंतीकडे खिळा ठोकायची परवानगी न मागता पाहत होती.

“मास्तर, बटनावर ‘दूध’ लिहिलंय, तेच दाबा,” हेमंतराव म्हणाले. मी दाबलं. दूध चढलं, काठापाशी आलं, आणि दोन बोटं खाली असताना शेगडी तीनदा टुंटुं करून बंद पडली. साय निमूट खाली बसली. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. दूध उतू जाऊ न देणं हा त्या शेगडीचा मुख्य गुण होता. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलंही होतं. तिसऱ्या वेळी घाईत चार-पाच बटनं एकदम दाबली गेली, तेव्हा तिने एक अगम्य अक्षर दाखवलं आणि कायमची गप्प झाली.

“दहा वाजून बारा मिनिटांपर्यंत मुहूर्त आहे,” गुरुजी म्हणाले. दहाला पाच कमी होते.

“चुकलं माझं,” हेमंतराव म्हणाले. “गाडी काढतो, घरून सिलिंडर आणतो.” पण निर्मळला जाऊन यायला तासभर तरी लागला असता. सुलभा पातेल्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, “अहो, हे घर आपल्याला नको म्हणतंय का?” तिचा आवाज ऐकून मला कळलं, की आज दूध उतू गेलं नाही तर ही बाई या घरात राहील, स्वयंपाक करील, पण हे घर कधी तिचं होणार नाही. आणि दोष ना शेगडीचा होता ना घराचा. तीन महिन्यांपूर्वी मीच अर्ज केला होता. देवाने तो मंजूर केला होता, फक्त पत्ता माझा टाकला होता.

मी हेमंतरावांना गॅलरीत नेलं. का नेलं, मला आजही सांगता येणार नाही. म्हटलं, “तुमच्याकडे दूध उतू जाऊ नये, असं मी देवाकडे मागितलं होतं.”

ते पोट धरून हसायला लागले. “मास्तर, तुमच्या शब्दाला वर काही किंमत दिसत नाही हो! आमची तर चूलच विझली.” आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “चला, खालून कुणाकडे गॅस मिळतो का बघू.” इतकं मोकळं मला आयुष्यात हसता आलेलं नाही. मला त्या हसण्याचाही हेवा वाटला.

आम्ही आत आलो तर दारात एक साठीच्या बाई उभ्या. नेसणं कोळणींचं, कपाळावर ठसठशीत कुंकू. अर्नाळ्याकडच्या, महिन्यापूर्वी मुलासोबत आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या. “कोनी हाय का घरात?” असं म्हणून पुढे काही बोलणार, तोच त्यांना सुलभाचे डोळे दिसले.

“काय झालं गो बाय? नव्या घरात रडतेस?”

मेहुणीने सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, “यवढंच ना? थांब.” आणि पाच मिनिटांत छोटा सिलिंडर घेऊन वर आल्या, त्याच्याच डोक्यावर बर्नर बसवलेला. “सून घरात तळू देत नाय, वास येतो म्हनते. म्हनून गॅलरीत यावर बोंबील तळते मी.”

गुरुजींनी बर्नरकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. “अग्नीला विटाळ नसतो,” ते म्हणाले आणि मंत्र सुरू केले.

दहा वाजून नऊ मिनिटांनी दूध उतू गेलं. दोनदा आधीच तापलेलं असल्याने एकदम भसकन गेलं, ओट्यावरून रांगोळीत, रांगोळीतून जमिनीवर. “ग्येलं, ग्येलं!” बाईच सगळ्यांत मोठ्याने ओरडल्या. तापलेल्या दुधाचा आणि थोडासा सुक्या बोंबलाचा वास घरभर पसरला. सुलभा हसत होती आणि तिचा पदर डोळ्यांना होता.

याला कोणी काय म्हणावं, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला इतकंच सांगायचं आहे, की त्या वेळी मी हेमंतरावांच्या शेजारी उभा होतो आणि माझ्या मनात त्यांचा बंगला नव्हता. पाव तास असेल. दुपारी त्यांची गाडी वाडीच्या दिशेने वळली तसा मत्सर परत आला. पण घरमालकासारखा आला नाही, भाडेकरूसारखा आला. शरणागतीबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं आणि ती काहीतरी भव्य गोष्ट असेल असं मानत होतो. मला कळली ती अशी, की मला धड मागता येत नाही. तेव्हा काय द्यायचं ते तर देवाने ठरवावंच, पण मी काय मागायचं तेही त्याच्यावर सोपवावं. तेव्हापासून मी हात जोडतो आणि गप्प बसतो. त्या कृपेचं ऋण माझ्याने फिटणार नाही.

पाहुणे जेवून गेल्यावर सुलभाने त्या बाईंची ओटी भरली, वाकून नमस्कार केला आणि गहिवरून म्हणाली, “मावशी, देवानेच तुम्हाला वर पाठवलं.”

मावशींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, शिऱ्याचा घास गिळला आणि म्हणाल्या, “देवानं नाय गो, पान्यानं. तुमच्या सिंकचं पानी सकालपासून माझ्या ओट्यावर गलतंय, तेच सांगाला आलेली.”