पात्यावरचे कुंकू

"बाबू, आज जळोचीच्या टोपल्या न्हाईत. तात्या गेलं."

पार्सलच्या खिडकीत उभा राहून त्यांचा गडी हे इतक्या सहज बोलला, की माझा हात सवयीने पावतीकडे गेला आणि तिथेच थांबला. मार्गशीर्षातली सकाळ होती. दौंडला जाणारी छोटी गाडी बारामतीच्या फलाटाला लागलेली, हमालांची नेहमीची भांडणे चाललेली... आणि ज्यांच्या वांग्याकाकड्यांच्या टोपल्या मी इतकी वर्षे वजन करून गाडीत चढवत आलो, ते जळोची गावचे गणपततात्या हिवतापाने गेले होते. खरे सांगतो, मला आधी राग आला. हिवतापाने काय मरायचे! आमच्या कालव्याच्या पट्ट्यात तो दरवर्षी पाहुण्यासारखा येतो नि जातो. माणूस कोयनेल घेतो, तोंड कडू करतो आणि उठून कामाला लागतो. तात्यांनी गोळ्या घेतल्याच नव्हत्या. त्या सगळ्या उशाखाली सापडल्या, हे मला मागाहून कळले.

आमची ओळख एका पार्सलनेच झाली होती. मुंबईहून एक लहानसा खोका आला आणि तो सोडवायला पटका बांधलेला, पोटऱ्यांना चिखल लागलेला एक शेतकरी आला. खोका त्यांनी माझ्या टेबलावरच फोडला. आत चिंध्यांत गुंडाळलेला एक मिटता चाकू निघाला. मूठ सांबरशिंगाची, पाती तीन. एकेक पाते त्यांनी नखाने उघडले, कानाशी धरून मिटले, त्याचा टक् आवाज ऐकला आणि मग चाकू माझ्यापुढे टेबलावर ठेवला. चाकू कधी हातात द्यायचा नाही, भांडण होते. खाली ठेवायचा नि दुसऱ्याने उचलायचा. "मुळाशी बारीक अक्षरं हायेत, तेवडी वाचा," ते म्हणाले. मी वाचली. कारखान्याचे नाव, त्याखाली अमेरिका. तात्यांचा चेहरा असा फुलला, जणू मी त्यांच्या पोराची सोयरीक जमवून दिली होती. तिसऱ्या, बोथट टोकाच्या पात्याचे काम काय, हे मात्र मला सांगता येईना. ते त्यांनीच ओळखले. "खोंडं खच्ची करायचं हाय ह्ये. म्हंजी तितं बी आपल्यासारकीच माणसं हायेत म्हनायची!"

पहिला चाकू त्यांना लढाईत मिळाला होता. पहिल्या महायुद्धात खेचरांच्या तांड्याबरोबर ते इराकात, बसऱ्याला गेले होते आणि तिथल्या बंदरावर एका अमेरिकन खलाशाला घोंगडी देऊन त्यांनी तो घेतला. बसऱ्याची थंडी त्यांनी घोंगडीवाचून काढली आणि वर हे अभिमानाने सांगत. मग नाद लागला. पुण्याच्या जुन्या बाजारातून, लष्करातल्या लिलावांतून, इंजिनवाल्यांकडून त्यांनी दोन पात्यांचे, तीन पात्यांचे, चार पात्यांचे चाकू गोळा केले. विलायती नको, जर्मन नको, अमेरिकनच पाहिजे. का, असे मी एकदा विचारले, तर म्हणाले, "तुमाला तंबाकू कंची लागती, त्ये म्या कदी इचारलं का?" इंग्रजी अक्षर ओळखू येत नसे, पण पोलाद ओळखू येई. नव्या पात्याने आधी कांदा चिरायचा आणि पात्यावर कोणता रंग चढतो ते पाहत बसायचे. एखाद्यावर पारव्याच्या मानेसारखी निळी झाक येई, एखादे नुसतेच राखाडी पडे. धार ते स्वतःच्या डाव्या हातावर बघत, त्यामुळे त्या मनगटावर कधी केस नसत. एकदा मी मोठ्या हौसेने त्यांना नव्या तऱ्हेचा, न गंजणाऱ्या पोलादाचा चाकू आणून दाखवला. त्यांनी कांदा चिरला, पाते पुसले, पाहिले आणि परत टेबलावर ठेवले. "ह्याला रंग न्हाय, राग न्हाय. ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच."

घरात या नादाला एकच विरोध होता, तो तात्यांच्या बायकोचा, सखूवहिनींचा. त्यांचे माहेर निरवांगीचे. जिभेला धार अशी, की तात्यांनी ती डाव्या हातावर बघितली नाही एवढेच. भांडणाचा दिवसही ठरलेला होता... खंडेनवमी. त्या दिवशी औत, कुऱ्हाड, विळे, खुरपी, सगळे लोखंड धुऊन अंगणात मांडायचे, त्याला कुंकवाची बोटे लावायची, झेंडू वाहायचा. तात्या बाकीचे सगळे मांडत आणि चाकूंची पेटी मात्र कुलपात ठेवत. "कुकवात लिंबू असतंय, खार असतोय," ते मला समजावून सांगत. "वलं बोट लावून रातभर ठिवलं की सकाळी पोलाद खाल्लेलं दिसतंय. मग किती बी घासा." वहिनींना हे पटत नसे. "औताला चालतं, इळ्याला चालतं, ह्यांच्या सायबाच्या सुऱ्यांनाच काय धाड भरलीय?" असा प्रश्न त्या दरसाल मला साक्षीला धरून विचारत आणि मी पुरणपोळीचा पुढचा घास मोडत असे. मला दोघांचेही पटायचे. तेव्हा त्या भांडणात गंमतच वाटायची.

तात्या गेले त्याच्या आदल्या वर्षी, भाद्रपदात, त्यांचा मारुती उसाला पाणी द्यायला गेला आणि त्याला नाग चावला. एकुलता एक पोरगा, पुढच्या उन्हाळ्यात लग्न करायचे घाटत होते. तात्या शेजारच्याच वाफ्यात होते. धावत गेले, कमरेचा करगोटा तोडून त्याची पोटरी आवळली आणि खिशातला चाकू काढला; तोच, माझ्या टेबलावर उघडलेला, तीन पात्यांचा. चाव्यावर चीर दिली, तोंडाने रक्त ओढून थुंकले. मारुती त्यांच्याकडे बघून म्हणाला, "तात्या, लागलं बी न्हाय." इतकी धार होती. गाडी जुंपून बारामतीच्या दवाखान्याकडे निघाले, पण वाटेतच पोराची मान पडली. तात्यांनी हे सगळे मला एकदाच सांगितले. 'लागलं बी न्हाय' एवढे तीन शब्द मात्र ते पुढे कधीही, कशाच्याही मधेच बोलत. टोपल्या मोजताना बोलत. मला ते ऐकवत नसे, उठून बाहेर जावेसे वाटे.

तेराव्याला मी जळोचीला होतो. सगळी भावकी बसलेली असताना वहिनी ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या. रडत नव्हत्या. "त्या लोखंडाला कदी हळदकुकू लावू दिलं न्हाय," त्या म्हणाल्या. "मग येळंला ते कसं पावंल?" मला ओरडून सांगावेसे वाटले की बाई, नागाच्या विषाला कुंकू कळत नाही. पण तात्यांचे तोंड बघितले. त्या माणसाने ते खरे धरले होते. त्या दिवसापासून वहिनी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. भाकरी वाढत, पाणी ठेवत, पण शब्द नाही. वर्षभर घरात सण नव्हता आणि आवाजही नव्हता. तात्यांना आता चाकू नको होते, धार नको होती. बायकोने एकदा, शिवी का होईना, पण हाक मारावी, एवढेच हवे होते. मला ते म्हणाले, "बाबू, तिनं भांडाय पायजे हुतं वो."

गेल्या दसऱ्याला मी सोने द्यायला म्हणून गेलो, तर अंगणात आदल्या दिवशीची पूजा तशीच होती. औत, विळे, खुरपी... आणि पुढे एका स्वच्छ धोतराच्या घडीवर ते सगळे अमेरिकन चाकू, एकूण एक पाती उघडून ठेवलेले. प्रत्येक पात्यावर कुंकवाचे बोट. रात्रीतून ती लाल बोटे कडेने तपकिरी झाली होती. "तात्या, पुसा आधी!" मी पुढे झालो, तर त्यांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "खाऊ द्या त्याला." माझे लक्ष दाराकडे गेले. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या, पाहत होत्या. तात्याही त्यांच्याकडेच पाहत होते. मला वाटले, आता बोलतील. त्या आत गेल्या. तात्यांनी माझ्या हातातली आपट्याची पाने घेतली आणि माझी विचारपूस करू लागले, गाडी वेळेवर येते का, असे काहीबाही. माणूस तिथेच संपला होता, ताप नंतर आला.

परवा, तात्यांचे दिवसकार्य होऊन महिना उलटल्यावर, मी जळोचीला गेलो. वहिनींचे कपाळ पांढरे. इतक्या वर्षांच्या ओळखीत मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी आतून तीन पात्यांचा चाकू आणला आणि माझ्यापुढे जमिनीवर ठेवला. मी उचलून टोकदार पाते उघडले. मधोमध बोटाएवढा डाग होता; कडा गंजलेल्या, मधे अजून थोडे लाल.

"ते ह्याला कंचं त्याल लावायचे?" त्यांनी विचारले.

"शिवणयंत्राचे," मी म्हणालो. "पण वहिनी, आधी राखेने हा डाग घासावा लागेल. कुंकू पोलाद खाते."

"ठावं हाय. जलमभर त्येच सांगत हुते की मला." त्यांनी पदर सारखा केला. "खंडेनवमीला समदं बघितलं म्या. तोंडापातूर आलं हुतं. म्हनलं, उद्या बोलू... उद्या उद्या करत तापच आला." मग मी खाली ठेवलेला चाकू त्यांनी ओढून आपल्याकडे घेतला. "माज्या कपाळाचं बायांनी पुसलं, म्या पुसू दिलं. पर ह्ये त्यांनी लावल्यालं हाय. ह्ये न्हाय पुसायची."

दुसऱ्या दिवशी स्टेशनाशेजारच्या शिंप्याकडून तेलाची बाटली घेतली आणि जळोचीला नेऊन त्यांच्यापुढे खाली ठेवली. त्यांनी ती उचलली, बोट बुडवले आणि पात्याला तेल लावू लागल्या... डागाच्या कडेकडेने, डागाला लागू न देता.