हाताला न लागणारा सांधा

माझ्या मामांना आमच्या गल्लीत चाळणी म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर सगळे मिस्त्रीच म्हणतात. पण नवख्या माणसानं ‘चाळणीचं घर कुठं?’ असं विचारलं, तर शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवेल. पस्तीस वर्षं फाटकं आणि खिडक्यांचे गज जोडून जोडून मामांच्या एकूण एक शर्टाला ठिणग्यांनी भोकं पाडलेली आहेत. लग्नातल्या शर्टालासुद्धा, कारण तो अंगात असतानाच ते संध्याकाळी कुणाचं तरी फाटक बसवायला गेले होते, असं मामी सांगते. मामी सांगते त्यातलं निम्मंच खरं असतं, पण हे त्या निम्म्यातलं आहे.

मामांचं वेल्डिंग म्हणजे साधं, रॉडचं. रॉड घासायचा, पेटवायचा, ओढत न्यायचा आणि शेवटी मनगटाला झटका देऊन उचलायचा. वरची काळी खपली हातोडीनं उडवायची आणि मागं न बघता पुढच्या सांध्याला भिडायचं. जगातही त्यांचं असंच. आजाऱ्याला भेटायला गेले तर उंबऱ्यातूनच, “बरं आहे ना? निघतो.” मी दहावी पास झालो तेव्हा ते शुभेच्छा देऊन निघून गेल्यावर आईला कळलं की भाऊ येऊन गेला.

मामीच्या डोळ्यांत काचबिंदू होता. गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलंही जाणार, हे डॉक्टरांनी इतक्या सहज सांगितलं, जणू बसची वेळ सांगत होते. गेल्या वर्षापर्यंत तिला माणसाची आकृती दिसायची. नंतर फक्त उजेड आणि अंधार. ती घरात चाचपडत फिरायची. स्वयंपाकघराची खिडकी उघडताना मामांनी संसाराच्या पहिल्या वर्षी बनवलेल्या ग्रिलवरून बोटं फिरवायची आणि पुटपुटायची, “एक गाठ, दोन गाठी, ही तिसरी. आता कडी.” आम्ही हसायचो. मामा म्हणायचे, “बघा, माझ्या कामाची नालस्ती अजून थांबत नाही.”

मामीची मुलगी, म्हणजे माझी ताई, दूर मोठ्या शहरात असते. ती आली, दोन दिवस राहिली, आणि तिनं बघितलं की आई बाथरूमला जायचं म्हणून बाबांना हाका मारते आणि बाबा मागच्या शेडमध्ये ग्राइंडरच्या आवाजात बहिरे झालेले असतात.

“बाबा, आईला मी घेऊन जाते.”

“मी काही यायची नाही,” मामी म्हणाली. “तुझ्या सातव्या मजल्यावर मला वारासुद्धा ओळखीचा नाही.”

“मग एकटीनं बाथरूमला जाऊन दाखव. भिंतीला कठडा लावा, काही करा. तीन महिन्यांनी मी येते. कुणाचा हात न धरता गेलीस तर राहा इथंच. नाही तर सामान बांधायचं.”

मामांनी दुसऱ्याच दिवशी कठडा केला. खोलीपासून घरातल्या बोळातून मागच्या दारापर्यंत, लोखंडी पाइपचा, रॉडनं जोडलेला. मामी हात लावून चार पावलं गेली आणि थांबली. तळहात पुढं केला. सांध्याजवळ उडून गोठलेल्या लोखंडाच्या थेंबानं तिथं रेघ ओढली होती, लाल.

“तुमची सही उमटली बघा,” ती म्हणाली.

मामांनी कठडा त्याच दुपारी उपटला.

मी डेअरीत कामाला आहे. तिथं दुधाचे स्टीलचे पाइप जोडतात ते टिग वेल्डिंगनं. सांध्यावरून हात फिरवला तर कळत नाही, कारण खाच राहिली तर दूध नासतं. मी हे मामांना सांगितलं आणि पुढच्या तीन महिन्यांचं पाप माझ्या माथी आलं.

आमच्या डेअरीचा वेल्डर हा अतिशय कमी बोलणारा माणूस आहे. मामांना त्याच्यापुढं उभं केलं तेव्हा मामा छाती काढून म्हणाले, “पस्तीस वर्षं झाली मला या धंद्यात.”

“तेच अवघड आहे,” तो म्हणाला. “कोरा माणूस लवकर शिकतो.”

मग त्यानं विचारलं, ॲल्युमिनियम जोडायचंय का? नाही? मग ते एसी-डीसीवालं धूड घ्यायचं नाही, साधं डीसी मशीन पुरे. पण घासून पेटवायचं घ्यायचं नाही. टोक धातूला न टेकता पेटणारं घ्यायचं, आणि पायाखाली पेडल असलेलं. सिलिंडर शुद्ध आर्गॉनचा. फॅब्रिकेशनवाल्यांचा मिश्र गॅस कुणी गळ्यात मारला तर परत करायचा. हातमोजे पातळ कातड्याचे, “तुमच्या त्या जाड पंजांत फिलरची तार नाही धरता येणार.” हेल्मेट आपोआप काळं होणारं, पण कमी करंटलाही काळं होतं का ते दुकानातच पेटवून बघायचं. आयुष्यात तो एकदम इतकं बोलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. बहुधा नंतर आठवडाभर गप्प राहिला असेल.

मामांनी सगळं तसंच आणलं. फक्त हातमोजे आणले नाहीत, जुनेच वापरणार म्हणाले. दोन दिवसांनी गुपचूप आणले.

पहिला दिवस मी पाहिलाय. शेडमध्ये उकडत होतं, मामांनी पंखा लावला, हेल्मेट खाली ओढलं, पाय पेडलवर दिला. सांधा झाला तो जळक्या कोळशासारखा, भोकाभोकांचा. मामा म्हणाले गॅस खराब. दुसरा सांधा तसाच. तिसराही तसाच. संध्याकाळी डेअरीचा वेल्डर आला, त्यानं काही न बोलता पंखा बंद केला आणि गेला. वितळलेल्या धातूवर आर्गॉनचं पांघरूण असतं, ते पंख्यानं उडवून लावलं होतं.

मग टॉर्चच्या, म्हणजे विस्तव धरायच्या दांड्याच्या, टोकाची टंगस्टनची सुई. ती पेन्सिलीसारखी टोकदार करायची, तीसुद्धा लांबीच्या दिशेनं घासून, आणि धातूला टेकवायची नाही. पण पस्तीस वर्षं टेकवूनच पेटवणारा हात! दर पाच मिनिटांनी सुई धातूत बुडायची आणि मामा शिव्या देत पुन्हा घासायला उठायचे. उजव्या हातात टॉर्च, डाव्या हातात तार, पायाखाली करंट कमी-जास्त करायचं पेडल. “तीन अवयव आणि तीन मालक,” ते म्हणायचे. “आमच्या घरात एक मालकीण होती तेच बरं होतं.”

सगळ्यात वाईट तो झटका. सांधा संपला की मामांचं मनगट आपोआप उडायचं. टिगमध्ये विस्तव विझल्यावरही टॉर्च तिथंच धरायची असते, पाच-सहा सेकंद, कारण गॅस येत असतो आणि गरम धातूला तोवर झाकून ठेवायचं असतं. झटका दिला की शेवटचा थेंब राखाडी पडतो आणि त्यात बारीक तडा जातो.

“विझलं ना? मग आता काय बघत बसायचं?” मामा चिडून म्हणाले.

“निवेपर्यंत थांबायचं,” डेअरीवाला म्हणाला.

तुकड्यांवर तुकडे जोडून ते आत आणायचे आणि मामीच्या हातात द्यायचे. हा त्यांचा रोजचा खेळ झाला होता. मामी डोळे मिटायची. मिटायची काही गरज नव्हती, पण मिटायची. बोट फिरवायची. “इथं.” दुसरा तुकडा. “इथं. आणि इथं एक पुटकुळी.” मामा तोंड पाडून शेडमध्ये परत. राखाडी सांधे जांभळे झाले, जांभळ्याचे सोनेरी. आणि अडीच महिन्यांनी एका संध्याकाळी मामीनं तुकडा दोनदा उलटा-सुलटा केला आणि म्हणाली, “यात सांधा कुठाय? फसवताय मला. अख्खा पाइपच दिलात.”

मामांनी तो तुकडा माझ्यापुढं धरला. त्यांची हनुवटी हलत होती. मी तेव्हा त्यांना चाळणी म्हणून चिडवलं, कारण दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

ताई यायच्या आदल्या दिवशी कठडा बसला. स्टीलचा, खोलीच्या दारापासून बोळाच्या डाव्या भिंतीनं थेट मागच्या दारापर्यंत. पाइप दोन, म्हणून बोळात सांधा एकच, आणि योगायोगानं तो बरोबर बाथरूमच्या समोर आला होता. बाथरूम उजव्या हाताला. तिथं कठडा सोडायचा, वळायचं, दोन पावलं. एवढंच. मामांनी मामीला तसं सांगितलंही: “सांध्यापाशी सोड. समोरच दार.”

“कळलं,” मामी म्हणाली. “सांध्यापाशी.”

आम्ही दोघंही तिथंच उभे होतो. डोळे होते आम्हाला.

ताई आली. तिनं अट घातली, कुणी हात लावायचा नाही, कुणी बोलायचं नाही. बोळात कोंदट वाटतं म्हणून तिनं मागचं दार उघडलं. बाहेर आभाळ भरलेलं, सगळा उजेड एकसारखा मळकट, बोळातला आणि दारातला. मामी खोलीतून निघाली. हात कठड्यावर ठेवला आणि चालायला लागली, आधी चाचपत, मग जोरात. तिच्या चेहऱ्यावर तरुणपणचं काहीतरी आलं होतं. मामा तिच्याकडं बघतच नव्हते. ते सांध्याकडं बघत होते. तिचा हात सांध्यावर आला, सांध्यावरून गेला, जरासुद्धा अडला नाही, आणि मामांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू जगातलं सगळ्यात मोठं फाटक त्यांनी एकट्यानं उभं केलंय.

मामी पुढं गेली. आम्हाला वाटलं, फुशारकीनं मागच्या दारापर्यंत जाऊन दाखवतेय. ताईसुद्धा हसली. मग कठडा संपला. दाराबाहेर तीन पायऱ्या आहेत.

खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात मामा उंबऱ्यातून निघून गेले नाहीत. खाटेजवळ स्टूल घेऊन बसले ते बसलेच. दुसऱ्या दिवशी मामीला नीट शुद्ध आली तेव्हा तिनं पहिलं विचारलं, “अहो, सांधा कुठं होता हो? मी शोधतच होते.”

मामांनी तिच्या पायावरची चादर सारखी केली.

“तुला लागणार नाही असा केला होता,” ते म्हणाले.

“ते झालंच,” मामी म्हणाली. “लागला नाही.” आणि हसायला गेली तर कळ आली.

दवाखान्यातून ताईनं तिला परस्पर नेलं. भांडायला कुणाकडं तोंड नव्हतं. गाडी निघताना मामा खिडकीच्या काचेवर पंजा ठेवून उभे होते. गाडी कोपऱ्यावरून वळली तरी हात हवेत तसाच होता. मी मोजलं नाही, पण पाच-सहा सेकंदांपेक्षा नक्कीच जास्त.

आठवड्यानं मी गेलो तर मामांनी जुनं मशीन बोळात ओढून आणलं होतं. त्या चकचकीत कठड्यावर, बाथरूमच्या बरोबर समोर, त्यांनी साध्या रॉडनं एक जाड गाठ चढवली होती, आणि मागच्या दाराच्या हातभर अलीकडं दोन. कानशीनं त्यांच्या कडा मऊ करत बसले होते.

“मामा, स्टीलवर हा रॉड? गंज धरेल.”

“रोज हात फिरला तर नाही धरत,” ते म्हणाले. “खिडकीच्या ग्रिलला बघ. पस्तीस वर्षं झाली.”

मग त्यांनी ताईला फोन लावला. तिनं तो मामीला दिला तेव्हा म्हणाले, “एक गाठ म्हणजे वळायचं. दोन म्हणजे थांबायचं. ध्यानात ठेव.” पलीकडून मामी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. नंतर ताईचा आवाज आला, डॉक्टर प्रवासाला नाही म्हणतात, बाबा. मामा हो हो म्हणत राहिले.

याला आता आठ महिने झाले. दर रविवारी फोन होतो. मामी विचारते, “गाठी आहेत ना?” मामा म्हणतात, आहेत. टिगचं मशीन शेडमध्ये पोत्याखाली आहे. डेअरीच्या वेल्डरनं एकदा विचारलं, विकायचंय का, तर मामांनी तोंड फिरवलं.

परवा मी बोळातून बाथरूमला गेलो. सहज डोळे मिटले आणि कठडा धरून चाललो. गाठ बरोबर हाताला लागली, मी बरोबर वळलो. डोळे उघडून तळहात पाहिला, तर तांबूस पूड होती. मामा मागून म्हणाले, “हात धुऊन टाक, कपड्याला लागेल.”