पोर्ट रॉयलचं कुलूप

आधीच सांगतो, भुताखेतांची सगळ्यात जास्त टिंगल आमच्या ग्रुपमध्ये मीच करायचो. अमावस्येला रस्त्यात उतारा दिसला तर मुद्दाम ओलांडून जाणारा माणूस मी. तरी इथले अनुभव वाचून वाटलं, आपलाही लिहावा... हसायचं तर हसा.

२००२ साल. जर्सी सिटीतली माझी आयटीची नोकरी गेली आणि मी टेक्सासला बायकोकडे राहायला गेलो. वैदेही तिथल्या युनिव्हर्सिटीत समुद्रातून काढलेल्या जुन्या वस्तू जतन करायचं शिकत होती. तिच्या लॅबमध्ये जमैकातल्या पोर्ट रॉयलच्या वस्तू होत्या. चाच्यांचं, दारूचं, लुटीचं शहर. सोळाशे ब्याण्णवच्या भूकंपात भर दिवसा समुद्रात गेलं. "चोरांचं गाव बुडालं, बरंच झालं," असं मी म्हणायचो आणि ती जाम चिडायची.

मला उद्योग नव्हता. दुपारी डबा घेऊन जायचो आणि तिथेच रेंगाळायचो. तिच्या वाट्याला नारळाएवढा एक गोळा आला होता, चुना, वाळू आणि शिंपल्यांचा. आतलं लोखंड केव्हाच गंजून जातं, पण त्याच्या आकाराची पोकळी राहते. मग ड्रिलने भोक पाडायचं, गंजाचा चिखल धुवायचा, आत इपॉक्सी, म्हणजे दगडासारखा घट्ट होणारा चिकट द्रव, ओतायचं आणि वरचं कवच अलगद फोडायचं. मोदकाच्या साच्यासारखंच, फक्त हा साचा एकदाच मिळतो. ड्रिल चुकलं की वस्तू कायमची गेली. वैदेही आठवडेच्या आठवडे त्या एका गोळ्यामागे होती. एवढा संयम माझ्यात सात जन्मांत येणार नाही.

एकदा तो गोळा पाण्यात बुडवून ठेवलेल्या टाकीशेजारी डबा उघडत होतो आणि टाकीतून आवाज आला. ठक ठक... थोडं थांबून पुन्हा ठक ठक. कुणीतरी दार वाजवावं तसा.

"पाण्याचा पंप असेल रे," वैदेही म्हणाली. तिला काहीच ऐकू येत नव्हतं. मी पंप बंद करायला लावला. ठक ठक चालूच!

"यार, तुला नोकरीची फार गरज आहे," ती म्हणाली. मीही हसलो. पण नंतर रोज ऐकू यायचं.

ड्रिलिंगच्या दिवशी तिने गोळा ओल्या फडक्यावर ठेवला. एक्स-रेमध्ये पोकळी दिसत होती, पण कडा धुरकट होत्या. तिने अंदाजाने पेन्सिलची खूण केली. मी सहज तिथे हात ठेवला आणि चरकलो. आतून नेमकं तिथेच कुणीतरी ठोठावत होतं.

"वैदेही, इथे नको."

"प्लीज, आत्ता नाटकं नकोत. हा बिघडला तर दुसरा मिळणार नाही."

"म्हणूनच सांगतोय. तू हात तर ठेव."

तिने चिडूनच हात ठेवला. मग तिचा चेहरा बदलला. तिने गोळा पालथा केला आणि दुसऱ्या बाजूने ड्रिल केलं.

इपॉक्सी घट्ट झाल्यावर तिने कवच काढलं. आत कुलूप होतं. आणि पेन्सिलची खूण जिथे होती, बरोबर त्याखाली कुलपात अडकलेली नाजूक किल्ली! ड्रिल तिथे गेलं असतं तर किल्लीचा चुरा झाला असता. कुलूप उघडं होतं.

तिचे सर खूश झाले. म्हणाले, कुणी सकाळी दुकान उघडलं असेल. असेलही. पण दुकान उघडलं की आपण किल्ली खिशात टाकतो. ही तशीच राहिली होती. पायाखालची जमीन समुद्रात जात असताना, सगळं गाव पळत असताना, त्या चोरांच्या गावातलं कुणीतरी आत कोंडलेल्या माणसासाठी कुलूप उघडायला थांबलं होतं? मला आजही त्या माणसाला नमस्कार करावासा वाटतो.

ठक ठक त्या दिवसापासून बंद झाली. पाइप, हवेचे बुडबुडे, बेकार माणसाचे कान... सगळी कारणं लावून पाहिली. एकही पटत नाही. वैदेहीच्या हाताला लागलं ते काय होतं?

त्या दिवशी परतताना गाडीत मी तिला विचारलं, "कुलूप तर उघडलं होतं. आतला सुटला होता. मग ठोठावत कोण होतं?"

ती म्हणाली, "ज्याला सोडवलं, तोच. सोडवणाऱ्याची किल्ली आपण मोडू नये म्हणून."