मास्तरांची पिवळी जीभ

अर्ध्या हळकुंडानं पिवळी होणारी माणसं जागोजागी असतात. शिंपीमास्तरांना मात्र अख्खा डबा लागला.

मास्तरांचं दुकान म्हणजे पायानं चालवायचं एक मशीन, कापडं बेतायचं एक टेबल आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल, ज्यावर कायम कपड्यांचा ढीग. शेजारी सलूनवाला. दोघं एका वयाचे, चाळीस वर्षं एकमेकांशी भांडलेले. तीन वर्षांपूर्वी दोघांच्याही हृदयानं एकाच महिन्यात कुरकूर केली. तेव्हापासून दोघांना रक्त पातळ ठेवायची तीच ती गोळी. डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवून दम भरला होता: रक्त घट्ट झालं तर गुठळी होईल, फार पातळ झालं तर वाहतच राहील. दर महिन्याला तपासून घ्यायचं, आणि नवीन काहीही सुरू करण्याआधी मला विचारायचं.

दोघांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या होत्या.

पुढे मशीन मारून मारून मास्तरांचा उजवा गुडघा कामातून गेला. कुणीतरी सांगितलं, कोमट पाण्यातून हळद घ्या, वर चिमूटभर मिरपूड. मास्तरांनी अर्ध्या चमच्यानं सुरुवात केली. आणि खोटं कशाला बोला, महिन्याभरात गुडघा खरंच हलका झाला. इथं थांबले असते तर ते मास्तर कसले? अर्ध्याचा एक चमचा झाला, एकाचे शिगोशीग दोन, तेही दिवसातून तीनदा. वर औषधाच्या दुकानातून हळदीच्या कॅप्सूल आल्या.

"एवढ्यानं बरं वाटतं, तर दुपटीनं दुप्पट वाटेल," मास्तर बायकोला म्हणाले.

"मग शर्टाला दोन कॉलर लावत जा," ती म्हणाली. "अहो, अति तिथं माती. कुणाला तरी विचारा."

विचारायचं सोडून मास्तर सांगत सुटले. गिऱ्हाइकाच्या छातीभोवती टेप गुंडाळला की ते सोडायचेच नाहीत. हळद सूज उतरवते, हळद रक्त शुद्ध करते, हळद असताना डॉक्टर कशाला. गिऱ्हाईक बिचारं हात वर करून उभं. सलूनवाला दिवसभर उभा असतो, त्याचेही गुडघे बोलतात, म्हणून त्याला तर डबाच भरून दिला. रोज सकाळी शटर उघडताना विचारायचं, "घेतलीस?" तो म्हणायचा, "घेतली, मास्तर. गुडघा अगदी मऊ पडलाय." मास्तरांना मूठभर मांस चढायचं.

रक्ततपासणी? धडधाकट माणसानं सुया कशाला टोचून घ्यायच्या, असं म्हणून त्यांनी दोन महिने ती टाळली.

शेवटी सुई टोचली ती त्यांच्याच हातची. डॉक्टरबाईंचा नवा पांढरा कोट शिवत होते. शिंप्याच्या बोटाला सुई रोजचीच; बोट तोंडात घालायचं आणि पुढचा टाका घालायचा. पण आज रक्त थांबेचना. चिंधी बांधली, ती भिजली, आणि एक टपोरा थेंब पडला तो नेमका कॉलरवर. शिंपी लोक अशा डागाला ज्याचं रक्त त्याचीच थुंकी लावतात. मास्तरांनी लावली. तांबडं गेलं, पण पिवळंधमक उमटलं, कारण दुपारचा डोस नुकताच पोटात गेला होता. घाबरून साबण चोळला. हळदीला साबण लागला की काय होतं हे कुठल्याही गृहिणीला माहीत असतं, मास्तरांना नव्हतं. पिवळं होतं ते लालभडक झालं.

तेवढ्यात कोट न्यायला डॉक्टरबाई आल्या. त्यांनी कॉलरकडे पाहिलंसुद्धा नाही. चिंधी पाहिली.

"किती वेळ वाहतंय?"

"अर्धा तास झाला असेल."

"मास्तर, जीभ दाखवा." मास्तरांनी दाखवली, पिवळीधमक. "हळद? किती घेता?"

मास्तरांनी हिशेब सांगितला. "पण बाई, ती घरातलीच असते. औषध थोडंच आहे ते?"

"गल्लीभर औषध म्हणून वाटलीत, आणि मला सांगायच्या वेळी मसाला झाली होय?"

बाईंनी त्यांना तसंच उठवून दवाखान्यात नेलं, बोट घट्ट बांधलं आणि रक्त तपासलं. रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा दोन ते तीनच्या मधे हवा, तो सहाला टेकला होता. बाई शांतपणे बोलल्या, त्यामुळे मास्तर जास्त घाबरले. "भाजीत पडते तेवढी खुशाल खा. गुडघ्याला थोडा गुण येतो, तेही खोटं नाही. पण एवढी हळद, वर मिरी, वर कॅप्सूल, आणि त्यात ही गोळी. एखाद्याचं लिव्हर बिघडतं, एखाद्याला मुतखडा होतो. तुम्ही नुसते घसरून डोक्यावर पडला असतात, तर मी काय करणार होते?"

मास्तर ताडकन उठले, पण स्वतःसाठी नाही. तीच गोळी घेणारा, दिवसभर हातात वस्तरा धरणारा एक माणूस त्यांच्या डब्यातली हळद खात होता. ते दुखरा गुडघा ओढत सलूनपर्यंत जवळजवळ पळाले.

"हळद बंद कर," दारातूनच म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. चल, रक्त तपासायला."

सलूनवाल्यानं फेसाचा ब्रश खाली ठेवला आणि आरशामागचा डबा काढून दाखवला. काठोकाठ भरलेला.

"एकदाही घेतली नाही, मास्तर. बाईंना विचारलं होतं, त्या नको म्हणाल्या."

"मग रोज गुडघा मऊ पडलाय म्हणायचास ते?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं विचारायचात. नाही म्हणायला जीभ रेटेना."

"अरे, पण बाई नको म्हणाल्या हे मला सांगायचंस की नाही?"

"चारदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, त्यांना काय कळतंय."

मास्तर चिडायला गेले आणि त्यांना रडूच फुटलं. रिकाम्या खुर्चीत बसून त्यांनी डोळे पुसले. "मला वाटलं, मी तुला मारला रे."

सलूनवाल्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. जरा वेळानं मास्तरांनी गालावरचे खुंट चाचपले आणि लाज झाकायला म्हणाले, "बसलोच आहे, तर दाढी तरी करून टाक."

"आकडा किती आलाय?"

"सहा."

सलूनवाल्यानं वस्तरा मिटला आणि खणात ठेवून दिला.

"तीन झाला की या."