असं कुठे होतं का

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला सगळी बिल्डिंग ठिणगी म्हणते, अर्थात ती जिना वळून गेल्यावर. लिफ्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढणं हा तिचा पेशा. त्याच नजरेनं ती नवऱ्याने घासलेली भांडीही बघते, आणि तो बिचारा मुकाट पुन्हा घासतो.

त्या सोमवारी ती घरी आली ती धुमसतच. तिच्या ऑफिसात एक प्रोग्राम आहे. लिफ्ट जागची न हलवता, ती कुठकुठल्या अवस्थेत सापडू शकते हे तो गणिताने पडताळतो. दार उघडं असताना लिफ्ट हलणार नाही, हा नियम त्याला दिला, तर तो म्हणाला, मोडतो. कसा मोडतो त्याच्या सात पायऱ्याही छापून दिल्या. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून कागद पाहिला.

"मॅडम, हे गणितातलं झालं. असं कुठे होतं का?"

शुक्रवारी हेच नवं सॉफ्टवेअर शंभर इमारतींत बसायचं होतं. त्यातली एक आमचीच. आणि तिचे सासरे काठी टेकत दिवसातून चारदा लिफ्टने खालच्या बाकावर जाणारे.

मंगळवारी तिने त्या सात पायऱ्यांची चाचणी लिहिली आणि टेबलावरच्या लिफ्टच्या खऱ्या सर्किटवर चालवली. हिरवा दिवा, म्हणजे सगळं ठीक. पुन्हा चालवली. पुन्हा हिरवा. चहाच्या वेळी कुणीतरी फुसका बार म्हणालं, तेही तिला ऐकू जाईल इतपत हळू. घरी सासऱ्यांनी एवढंच विचारलं, सूनबाई, आज डाळीवर राग का? तिने रवी आणखी जोरात फिरवली.

बुधवारी तिने कागदावरची पहिली ओळ पुन्हा वाचली: नोंदीत दार बंद, प्रत्यक्षात अर्धं उघडं. आणि तिला स्वतःचाच संताप आला. त्यांच्याकडे प्रत्येक चाचणीआधी सर्किटच्या मेमरीतली सगळी नोंद पुसायची पद्धत. म्हणजे ती रोग पुसून मग रोगी तपासत होती! गणित मात्र न पुसलेल्या, मळक्या नोंदीपासून सुरू झालं होतं. आता प्रश्न एकच: अशी नोंद खऱ्या लिफ्टमध्ये होते कशी? दुपारपर्यंत तेही सापडलं. दार मिटायला लागलं की सॉफ्टवेअर लगेच "बंद" लिहून मोकळं व्हायचं. मधेच वीज गेली, तर दार अर्धवट आणि नोंद पक्की.

गुरुवारी तिने साहेबांना टेबलापाशी बोलावलं आणि विजेचं बटण त्यांच्याच हातात दिलं.

"दार मिटतंय, आता वीज घालवा. आता आणा. आता पाचवा मजला दाबा."

दाराचा दिवा 'उघडं' दाखवत राहिला आणि मोटर घुर्रर्र करून फिरायला लागली. साहेब म्हणाले, दार उघडं असलं की लिफ्ट अडवणारा वेगळा खटकाही असतोच की.

"तो बिघडतो म्हणून तर आपण आहोत. माझे सासरे त्या दारात उभे असतात, साहेब. काठी आधी पुढे टाकतात."

शुक्रवारी काहीच कुठे बसलं नाही. दुरुस्ती झाली, आणि ती चाचणी आता प्रत्येक नव्या सॉफ्टवेअरवर चालते, नोंद न पुसता. तिचं नाव ठिणगीने ठेवलंय 'असं कुठे होतं का'. दर वेळी निकालाच्या कागदावर ते नाव वाचून साहेबांना खाली सही करावी लागते. नाव बदलता येईल का, असं त्यांनी एकदा गोडीत विचारलं.

ती नाही म्हणाली. गोडीत नव्हे.