दोन उन्हाळे टिकलेला संघ आणि आमचे ढोल

नेदरलँड्समध्ये आमच्या ढोल पथकाला एकच प्रश्न छळत होता: वाजवायचं कुठे? डीमन गावातल्या आमच्या इमारतीत मी मिक्सर लावला तरी खालच्या मजल्यावरच्या बाई जिना चढून येत, तिथे ढोलाचं नाव काढायची सोय नव्हती. एका शाळेच्या पटांगणातून, एका पार्किंगमधून आणि एका गोठ्यामागच्या मोकळ्या जागेतून आम्हाला हाकलून झालं होतं. वाखनिंगन विद्यापीठाचे विद्यार्थी, स्लोटरडाइकच्या ऑफिसांत कोड लिहिणारे आणि माझ्यासारख्या नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायका, असं आमचं पथक. मी ताशा वाजवते आणि बाकीच्यांना तालात ठेवते. इथे आले तेव्हा मला ना नोकरी होती ना ओळखी, या ताशाने मला माणसांत आणलं. त्यामुळे जागेअभावी पथक मोडणार असं दिसायला लागल्यावर मी हवालदिल झाले होते.

अशात आमच्या भागात अमेरिकन फुटबॉलचा एक व्यावसायिक संघ निघाला. हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जातात, तो खेळ. डच माणसाच्या लेखी फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा, त्यामुळे स्टँड ओस पडणार अशी संघाला धास्ती होती. त्यांच्या मार्केटिंगवाल्या मुलीने आमचा होळीचा व्हिडिओ पाहून फोन केला. “सामन्यांना येऊन आवाज करा, रविवारी आमच्या मैदानावर हवी तेवढी प्रॅक्टिस करा.” मी कुणालाही न विचारता हो म्हणून टाकलं.

मैदान एका स्थानिक क्लबचं होतं, संघाने ते भाड्याने घेतलं होतं. तिथली सगळी व्यवस्था एक साठीची डच बाई बघायची. पहिल्या रविवारी ती गवत कापताना कानांवर लावायची, आवाज अडवणारी जाडजूड बोंडं चढवूनच आली. आमचं आटपेपर्यंत तिने ती काढली नाहीत. मधूनमधून जवळ येऊन “अजून किती वेळ?” एवढंच विचारायची.

पहिल्या सामन्याला आम्ही फेटे बांधून गेलो. नियम कुणालाच माहीत नव्हते, पण त्यात माहीत असायचं काय? आपला माणूस पुढे निघाला की ढोल वाजवायचा, हे लहानपणापासून ठाऊक. आमचा संघ बॉल घेऊन शेवटच्या रेषेकडे सरकू लागला तशी मी लय वाढवली. पंचांनी पिवळा रुमाल फेकला आणि आमच्या संघाला मागे ढकललं. पंच पक्षपाती दिसतात म्हणून आम्ही आणखी चेव आणून वाजवलं. पुन्हा रुमाल, पुन्हा मागे. समोरच्या संघाचे खेळाडू तर हात हलवून आम्हाला दाद देत होते, त्याने आम्ही नुसते फुलून गेलो. आम्ही सपाटून हरलो आणि त्यांचा कोच मुद्दाम येऊन माझ्याशी हात मिळवून गेला. मला तो फार दिलदार वाटला.

पुढच्या रविवारी आमचा कोच मैदानावर आला. दाराच्या चौकटीत मावणार नाही असा रुंद अमेरिकन. झालं, हीही जागा गेली, असं म्हणत आम्ही ढोल उचलायला लागलो. पण तो गवतावर मांडी घालून बसला आणि समजावू लागला. डाव सुरू करताना क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा डाव चालवणारा खेळाडू, ओरडून इशारा देतो. तो ऐकू आला नाही की कुणीतरी आधीच हलतं आणि दंड म्हणून संघाला मागे जावं लागतं. म्हणजे आमच्या ढोलांनी आम्ही आमच्याच पोरांना मागे ढकलत होतो. “अवर बॉल,” म्हणत त्याने दोन्ही तळवे जमिनीकडे दाबले, “क्वाएट.” मग तळवे वर उचलले. “देअर बॉल? गो क्रेझी!”

शत्रू चालून आला की वाजवायचं आणि आपल्या माणसासाठी गप्प बसायचं! नवरा म्हणाला, “ही पद्धत घरी पण ट्राय करू या का?” त्याला त्या दिवशी चहा मिळाला नाही. पण शिकलो आम्ही. ऐन रंगात आलेला ठेका कोचच्या हातासरशी तोडायचा म्हणजे जीव जायचा. पहिले काही रविवार एखादा ढोल तरी मागून घरंगळल्यासारखा वाजत राहायचाच. हळूहळू सगळे एकदम थांबायला लागले. सामने जिंकायला लागल्यावर आम्ही अर्धं श्रेय उघडपणे घ्यायचो.

दुसऱ्या उन्हाळ्यात पैसे घालणारे मागे हटले आणि हा सामना शेवटचा, असं जाहीर झालं. शेवटच्या मिनिटांत बॉल आमच्याकडे होता, रेषा अगदी समोर. कोचचे तळवे खाली गेले. आम्ही ढोलांच्या पानांवर हात दाबून धरले. सगळं मैदान गप्प झालं आणि क्वार्टरबॅकचा घोगरा आवाज आमच्या स्टँडपर्यंत ऐकू आला. एकही खेळाडू आधी हलला नाही. बॉल रेषेपार गेला, कोचने हात वर केले आणि मी रडत रडत ताशा वाजवला. संघ चालला म्हणून वाईट वाटत होतंच, पण खरं सांगायचं तर आता आपलं पथक कुठे जाणार, हेच डोक्यात होतं.

त्यानंतरच्या रविवारी मैदानावरच्या शेडमधून आम्ही ढोल न्यायला गेलो. जाताना त्या बाईसाठी बेसनाचे लाडू नेले. तिच्या कानांवर बोंडं नव्हती.

“पुढच्या रविवारी नेहमीच्या वेळेलाच येणार ना?” तिने डचमध्ये विचारलं.

“पण संघ बंद झाला,” मी म्हणाले.

“संघ बंद झाला, मैदान नाही. क्लबशी मी बोलले आहे. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, या लोकांना थांबताच येत नाही. आवाजाचं मला काही नाही हो. तो थांबेल याची खात्री हवी.”

तिने एक लाडू तोंडात टाकला, डबा खाली ठेवला आणि हसत दोन्ही तळवे वर उचलले. गाडीत चढवलेले ढोल आम्ही परत खाली उतरवले.